आधी वृक्ष, मग वास्तू

रायपूर शहराला लागून असलेल्या बिरगावच्या परिसरात उरल्याचे औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि ढलाईचे कारखाने यांनी जेथे रात्रीचा दिवस केला आहे, त्या या भूमीवर पाळी सुटल्यानंतर फाटकाबाहेर पडणाऱ्या श्रमिकास क्षणभर टेकावयाचे झाले, तर टपरीचा बाक, नालीवरची फर्शी किंवा उभ्या ट्रकची सावली यांपलीकडे त्याच्या वाट्यास फारसे काही येत नाही. रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या पानावरून बोट फिरवावे, तर त्यास काळी पूड लागते. आणि वैशाखात पारा 44 अंशांपलीकडे चढला म्हणजे तीच विरळ सावली मिळविण्यासाठी माणसे दाटीवाटीने उभी राहतात. ज्या लोखंडाने देशातील इमारती उभ्या राहतात, ते घडविणाऱ्यांस एकत्र बसावयास एक सुस्थळ नसावे, ही गोष्ट केवळ गैरसोयीची नव्हे, अन्यायाची आहे.

असे स्थळ निर्माण करावयाचे म्हटले की सरकारी दप्तरातून प्रथम सभागृहाचा मसुदा बाहेर पडतो, आणि चार भिंती, काचेच्या खिडक्या व पत्र्याचे छप्पर यांचा हिशेब पुरा झाल्यावर उरलेल्या जागेत शोभेची रोपे लावण्याची तरतूद होते. हा क्रम उलटा केला पाहिजे. जेथे पाणी आहे आणि जेथे जुना वृक्ष उभा आहे तेथून आखणीचा आरंभ व्हावा, आणि वास्तूने त्या दोहोंच्या आश्रयास यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ही कल्पना छत्तीसगडास कोणी बाहेरून शिकवावी अशी नाही. येथील गावांत चारचौघांच्या विचारविनिमयाची जागा, म्हणजे गुडी, गावाच्या मध्यभागी असे. आणि तलावाची पचरी, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांचा घाट, ही स्नानाची, भेटीगाठीची व सुखदुःखाच्या गोष्टींची जागा असे. ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे 126 तलावांची कीर्ती मिरविणाऱ्या गावांच्या या प्रदेशात तलावाचा विवाह लावून त्याच्या मध्यभागी लाकडी स्तंभ रोवण्याची रीत होती, यावरून जलाशयास समाजाने आपल्या कुटुंबात किती आदराचे स्थान दिले होते हे ध्यानात येईल. 1758 साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन येथील कारभार पाहू लागले, तेव्हापासून मराठी माणसाचाही या तलावांच्या मुलखाशी ऋणानुबंध जडलेला आहे.

आमच्या महाराष्ट्रातील घाटांची परंपराही हेच सांगते. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागून पायऱ्या कृष्णेच्या पात्रात उतरतात. देवालय, दगडी घाट, वृक्ष आणि प्रवाह यांपैकी एकही दुसऱ्याकडे पाठ फिरवीत नाही. आणि हे नदीकाठच्या रम्य गावीच शक्य आहे असे मानण्याचे कारण नाही; मुंबईत धारावीच्या कडेला, जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात होता, त्याच सुमारे 37 एकर भूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान 1994 साली लोकांस खुले झाले.

उरल्यात काय करता येईल? परिसरातील तलावांचा गाळ काढून, कारखान्यांचे सांडपाणी त्यांत उतरणार नाही असा पक्का बंदोबस्त करावा. परंतु काठास सिमेंटच्या उभ्या भिंतींनी जखडू नये, कारण त्यामुळे जमीन आणि पाणी यांचा संबंध तुटतो व उतरावयास पचरीही राहत नाही. रायपूरच्या आसमंतात मिळणाऱ्या चुनखडीच्या फर्श्या सांधे मोकळे ठेवून अंथराव्या, म्हणजे पावसाचे पाणी मुरेल. पश्चिमेच्या तप्त वाऱ्यास अडविण्यासाठी त्या बाजूस करंज, कडुनिंब व अर्जुन यांची दाट रांग असावी. मंडप उंच, चहूंकडून मोकळा आणि कवेलूच्या छपराचा असावा, आणि छपरावरचे पाणी गाळून तलावात सोडावे. झाडाभोवती पार बांधताना बुंध्यापाशी मातीचे रुंद कडे मोकळे राखावे. सिमेंट थेट खोडास भिडविले की मुळांस हवापाणी मिळेनासे होते, आणि ज्याच्या सावलीसाठी पार बांधला तो वृक्षच खंगतो. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि रात्रपाळीच्या लोकांसाठी दिवे यांवाचून ही सारी रचना अपुरी ठरेल.

जागेच्या किमतीची सबब येथे पुढे केली जाईल. परंतु मोठ्या उद्योगांस पर्यावरणीय मंजुरी देताना सामान्यतः ठरावीक क्षेत्रावर हरितपट्टा राखण्याची अट घातलेली असते. तो पट्टा कुंपणाच्या आत राहतो, आणि त्याची सावली रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. त्यातील काही भाग सार्वजनिक रस्त्याच्या बाजूस घेऊन लोकांसाठी खुला करण्याचा करार राज्य औद्योगिक विकास महामंडळ, बिरगावची महानगरपालिका आणि कारखानदार यांनी आपसांत करावा. हवाच दूषित असता उद्यानाचा उपयोग काय, असा दुसरा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे: वृक्ष हा धूर रोखणाऱ्या यंत्रांचा पर्याय नव्हे, ती यंत्रे रात्रीसुद्धा अखंड चाललीच पाहिजेत. परंतु लोक जेथे रोज एकत्र बसतात, तेथील हवेची आणि पाण्याची विचारपूस करणारे मुखही तेथेच निर्माण होते, हा या स्थळांचा सर्वांत मोठा लाभ आहे.

रायपुरातील मराठी समाजाने 1935 पासून महाराष्ट्र मंडळाच्या रूपाने एकत्र येण्याची जागा आपल्या बळावर जपली आहे. असे स्थान माणसास काय देते हे तो जाणतो. त्याने या मागणीस आपला आवाज द्यावा. आणि काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा उद्घाटनाच्या समारंभावरून करू नये. मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता पाळीवरून सुटलेली एखादी श्रमिक स्त्री तेथे निःसंकोच अर्धा तास बसू शकते की नाही, एवढ्यावरूनच करावी.