‘असंच’ निघालेली सायकल

दिवाळी सरून थंडी स्थिरावली, की रविवारच्या पुरवण्यांतून सायकल-सहलींचे लेख दिसू लागतात. पहाटे शहरातून निघालेली चार-सहा मंडळी, धुक्यात हरवलेला रस्ता, टपरीवरचा वाफाळता चहा, वाटेतले एखादे हेमाडपंती देऊळ आणि शेवटी आपण स्वतःलाच नव्याने भेटल्याची कबुली. ह्या लेखांची टिंगल करण्याचा आमचा विचार नाही. पौषातल्या रविवारी आम्हीही माजलगावातून सायकली काढतो, आणि तो चहा आम्हांलाही आवडतो. आमची तक्रार एवढीच, की ह्या लेखांतला रस्ता नेहमी रिकामा असतो.

माजलगावच्या परिसरात पौषातला रस्ता रिकामा सापडणे जवळजवळ अशक्य. सिंदफणेवरचे धरण आणि त्यात पाणी आणून सोडणारा पैठणचा उजवा कालवा ह्यांनी ह्या तालुक्यात ऊस आणला. आणि ऊस म्हटला, की हिवाळाभर रस्त्यावर त्याची वाहतूक आली. सहाच्या आत गावाबाहेर पडावे, तर समोर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. मागे दिवा नाही, लाल पट्टी असली तर धुळीने झाकलेली. धुके दाट असेल तर ट्रॉली दिसायच्या आधी उसाचा वास येतो, आणि आम्ही त्या वासावर ब्रेक लावायला शिकलो आहोत. (सहलीच्या लेखांतल्या धुक्याला असा वास नसतो.) डांबरावर चिरडलेली कांडी, वाढ्यांचे विस्कटलेले भारे, चिकट झालेला रस्त्याचा कडेचा पट्टा. दोन्ही अंगांना हुरड्यावर आलेली ज्वारी, शेंगांनी वाकलेली तूर, मधूनच तुरे फुटलेला, अजून न तुटलेला ऊस. थंडी अशी, की ब्रेकवरची बोटे आपली वाटत नाहीत.

मागच्या हंगामात एका चढावर आम्ही आणि एक टायरगाडी बराच वेळ बरोबरीने चाललो होतो. बैल दमलेले, आम्हीही दमलेले. मोळ्यांच्या ढिगावर कानाला फडके बांधून एक बाई बसली होती, मांडीवर झोपलेले लेकरू. तिने वरूनच विचारले, “कुठं चाल्लात सर? गाडी बंद पडली का?” गाडी म्हणजे मोटारसायकल. आमच्यापैकी एकाने सांगितले, “नाही ताई, असंच.” ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग मोठ्याने हसली. तिचा नवरा बैलांशी बोलत होता, तोही हसला. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता. एवढ्या थंडीत कोणी असंच बाहेर पडू शकतो, ही गंमत त्यांना मनापासून वाटली होती.

ह्या ‘असंच’ शब्दाने आम्हांला पुष्कळ दिवस छळले. मराठीत ह्या प्रकाराला शब्द नाहीत असे नाही. फेरफटका आहे, रपेट आहे, भटकंती आहे. पण आमच्या भागातल्या बोलण्यात ह्यांपैकी एकही सहज येत नाही. इथे माणूस सायकल मारतो, हाणतो, दामटतो. आणि मारतो ती कुठेतरी पोचायला. दूध घालायला, पेपर टाकायला, शाळेत, शेतावर. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे अशी सायकल मारली, त्यांनी पहिली संधी मिळताच ती अडगळीत टाकली, आणि तिथे त्यांचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. आता तीच सायकल गिअर लावून, हेल्मेट घालून मौजेसाठी परत आली आहे. तिच्याबरोबर तिचे गद्यही आले आहे.

ह्या गद्याचे कूळ जुने आहे. ना. सी. फडक्यांच्या गुजगोष्टींपासून मराठी लघुनिबंधाने ‘असंच’ निघण्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. विषय कसलाही चालेल, लेखकाची लहर महत्त्वाची. ही मोकळीक मोलाची होती. तिच्यामुळे मराठी गद्य सैल आणि बोलके झाले. पण त्या लहरीत रस्ता हळूहळू लेखकाच्या मनाचाच विस्तार होऊन बसला. रस्त्यावर भेटणारा माणूस आला तर तो एखादे सुभाषित सांगण्यापुरता यायचा. उलट उदाहरण हवे असेल तर इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख पुन्हा काढून पाहावा. पंढरीच्या वाटेवर त्या आनंदाने चालतात, तो आनंद लपवत नाहीत, आणि त्याच वाटेवर एकाच दिंडीतले ब्राह्मण व मराठे जेवायला वेगळे बसतात हे पाहून त्यांना जे वाटते तेही लपवत नाहीत. आनंद आणि अस्वस्थता एकाच पायवाटेवर राहू शकतात, हे तिथे सिद्ध झालेले आहे. ते आम्ही विसरलो.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर ही विस्मृती अधिक खटकते. बीडचे दोन भाग आहेत: गोदावरीकाठची गंगथडी आणि वरचा बालाघाट. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर ह्या डोंगराळ तालुक्यांतली हजारो माणसे दसरा-दिवाळी आटोपून कोयता घेऊन घर सोडतात. पुष्कळशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, काही खाली आमच्याच फडांवर येतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचे. म्हणजे ज्या ऋतूत आम्ही हौसेने घराबाहेर पडतो, नेमक्या त्याच ऋतूत आमच्या जिल्ह्यातील कितीतरी घरांना कुलूप लागते. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. तो संगम सुंदर आहे, आणि त्यावर लिहावेच. पुरुषोत्तमपुरीवर लिहावे; तिथे सापडलेल्या, रामचंद्र यादवाच्या शके १२३२ च्या ताम्रपटावरही लिहावे. पण तिथवर जाताना वाटेत पाचटाने शाकारलेल्या कोप्या लागतात. त्या वगळूनच संगमापर्यंत पोचणारा लेख आम्हांला अपुरा वाटतो.

इथे आमच्यातलेच काही मित्र म्हणतील, की म्हणजे सायकल सोडून द्या आणि शोषणावर लिहा. ते आम्हांला मान्य नाही. कारण दुसऱ्या बाजूनेही एक अन्याय झालेला आहे. आमच्या ग्रामीण वास्तववादाने कष्टकऱ्याला दुःख भरभरून दिले, रस्त्याची मौज मात्र दिली नाही. (विनोदी ग्रामकथेत हसू आहे, हे खरे, पण ते बहुधा ऐकणाऱ्याच्या वाट्याला येते.) टायरगाडीवरची ती बाई हसली, हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, की हे लिहिले तर तिचे दुःख कमी दिसेल का? प्रश्न प्रामाणिक होता. पण असा प्रश्न सुचावा, ह्याचा दोष आम्ही आमच्या अभ्यासक्रमाला आणि स्वतःच्या अध्यापनाला देतो.

सायकलीची मौज ही शहराने आणलेली चीज आहे, हाही एक समज. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. हेतू स्वच्छ आहे: अंतरामुळे शाळा सुटू नये. पण सायकल एकदा दारात उभी राहिली, की ती सरकारी हेतूपुरती कुठे राहते? एका रविवारी कालव्याच्या रस्त्यावर आम्हांला चार मुली भेटल्या. सगळा रस्ता अडवून, शेजारी शेजारी सायकली चालवीत, एकीच्या हँडलला उसाचे कांडे अडकवलेले. मास्तरांच्या सवयीने आम्ही विचारले, “काय गं, आज शाळा आहे का?” “नाही सर.” “मग कुठं?” एकमेकींकडे पाहून त्या खुदकन हसल्या. “कुठं नाही. असंच.”

ह्यावर लिहिलेले काही आमच्या वाचनात नाही. आमच्या वर्गात ‘हिवाळ्यातील एक सकाळ’ ह्या विषयावर आलेल्या निबंधांत धुके होते, दवबिंदू होते, शेकोटी होती. एकातही ऊस नव्हता. लिहिणाऱ्यांपैकी काहीजणांचे आईवडील त्या सकाळी फडात होते, हे आम्हांला हजेरीपटावरून ठाऊक होते. ते निबंध आम्ही गुण न देता परत केले आणि पुन्हा लिहायला सांगितले. एका मुलाने विचारले, “सर, ते चालतं का निबंधात?”