कडवटाचा कोश

नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. आमच्या घरी कडवटाशी गाठ पडते ती पाडव्याला, लिंबाच्या कोवळ्या पाल्याच्या निमित्ताने. तो चावताना वडीलधारी माणसे म्हणायची, "कडू ते औषध." या एका वाक्यावरच्या विश्वासाने मी गेल्या उन्हाळ्यात प्राणावर बेतून घेतले होते.

झाले असे की, गोदावरीकाठी फिरायला येणाऱ्या एका स्नेह्यांनी मला दुधी भोपळ्याच्या रसाचे माहात्म्य सांगितले. दोन दिवस रस बरा लागला. तिसऱ्या दिवशी मात्र तो कडूजहर निघाला. मी मनाशी म्हटले, 'आज खरा गुण येणार!' आणि डोळे मिटून अर्धा पेला रिचवला. माझे तोंड पाहून सौभाग्यवती धावत आली. "अहो, टाका तो आधी! चिरण्यापूर्वी दुधी चाखला नाहीत का?" उरलेला रस तिने मोरीत ओतला. तासाभरात ओकाऱ्या सुरू झाल्या आणि ती रात्र मी दवाखान्यात सलाईनची बाटली मोजीत काढली.

डॉक्टरांनी सांगितले की, अशा दुधीत कुकरबिटासीन नावाची विषारी द्रव्ये असतात. कारिटाचा कडूपणाही त्याच कुळातला. दुधीच्या कडू रसाने आपल्या देशात माणसे दगावलेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू लागलेला रस टाकून द्यावा, असे त्यात बजावले आहे.

रसायनशास्त्र शिकणारी माझी मुलगी उशाशी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोशांची आवड ना? हा पाहा कडू पदार्थांचा कोश." जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी केलेली ती सूची होती, नाव 'बिटर-डीबी'. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा तीत साडेपाचशेहून अधिक कडू द्रव्ये होती. २०१९ साली ती हजारावर गेली. माणसाजवळ कडू चव ओळखणारी सुमारे पंचवीस प्रकारची ग्राहके आहेत. कोणते द्रव्य त्यांतल्या कोणाला जागे करते, तेही जिथे ठाऊक आहे तिथे नोंदलेले.

पडल्यापडल्या मी पाने चाळली. चहातले कॅफीन, हिवतापावरचे क्विनाइन आणि कुचल्यातले जहाल स्ट्रिकनीन एकाच सूचीत नांदत होते! पेय, औषध आणि विष. जिभेजवळ मात्र तिघांसाठी शब्द एकच: कडू. मराठीच्या मास्तराला एवढे तरी कळायला हवे होते की, एका शब्दाचे अनेक अर्थ असतात आणि खरा अर्थ संदर्भाने ठरतो. जीभ फक्त 'थांब' म्हणते. पुढचे शहाणपण लिंबाचा पाला किती खावा हे जाणणाऱ्यांचे, आणि काकडी-दुधी चिरण्यापूर्वी चकती चाखणाऱ्या आयाबायांचे. मी पाठ केली ती म्हण. चाखण्याची रीत मात्र स्वयंपाकघरातच राहिली.

आता बाजारातून दुधी आला की सौभाग्यवती पहिली चकती माझ्यापुढे धरते. "चाखा, आणि कडू लागली तर थुंका," असे दर वेळी बजावते. मी मुकाट्याने चाखतो. परवा एक कडू निघाली. त्या दिवशी आम्ही पिठले केले.