उपकेंद्रात डॉक्टर नाही, मग पेशंट तपासतं कोण?

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी जवळपास दर पावसाळ्यात येते. पुलावर किती पाणी, बाजारपेठेत कुठवर शिरलं, किती गावं अडकली, सगळं छापून येतं. एक गोष्ट मात्र येत नाही. त्या दोन-चार दिवसांत तापाने फणफणलेलं पोर घेऊन आई कुणाकडे गेली, आणि त्या माणसाने पोराच्या अंगाला हात लावून नीट तपासलं का?

कुणाकडे गेली, याचं उत्तर सोपं आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे किंवा सीएचओकडे. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीवर ५ हजारामागे, असा सरकारी निकष आहे. २०१८ पासून ही उपकेंद्रं आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, २०२३ च्या अखेरीस आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली. पाटी दोनदा रंगवून झाली. आत बसतो तो समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजेच सीएचओ. कुणी बीएस्सी नर्सिंग झालेला, कुणी आयुर्वेदाचा पदवीधर. त्यासोबत सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण. एमबीबीएस तिथे नाही, आणि योजनेतही ते पद नाही.

मुंबई-दिल्लीत वाद होतो तो औषध कुणी लिहायचं यावर. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम ३२ ने मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची वाट ठेवली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. २०२५ मध्ये आपल्या राज्यात होमिओपॅथीवाल्यांच्या नोंदणीवरून पुन्हा तेच. दोन्ही बाजूंचे मुद्दे असतील. पण गोळी लिहिण्याआधी एक पायरी असते, तपासण्याची. त्यावर कुणी भांडत नाही. खेड्यातला पेशंट मरतो तो बहुतेकदा याच पायरीवर, चुकीच्या गोळीने कमी.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. ताप म्हटलं की मलेरियाचं किट. हे योग्यच आहे, गडचिरोलीत ते केलंच पाहिजे. पण किट निगेटिव्ह आलं की पॅरासिटामॉल देऊन घरी, इथे घोळ होतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसने माणसं दगावली. बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप. चावा घेतलेल्या जागी काळी खपली पडते, जळत्या बिडीचा चटका दिल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून सांगत नाही. ती असते काखेत, जांघेत, बाईमाणसाच्या स्तनाखाली, कमरेला कपड्याची गाठ बसते तिथे. सगळ्यांना दिसतेच असं नाही, पण दिसली तर निदान जवळपास झालंच, आणि वेळेत दिलेलं डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध काम करतं. ती दिसायची तर कपडे बाजूला सारून बघावं लागतं. त्यासाठी खोलीला पडदा लागतो. किती उपकेंद्रांत तो आहे, हे वाचकांनी आपापल्या गावात जाऊन बघावं.

सिकलसेलचं पोर घ्या. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, रक्ततपासण्या झाल्या, कार्डं वाटली. पण अशा लहान पोराची पांथरी अचानक सुजते, रक्त तिच्यात साचतं, पोर काही तासांत पांढरंफटक पडतं. त्याला लगेच रक्त चढवावं लागतं. हे ओळखायचं पोट चाचपून. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून, पोराने श्वास घेतला की खालून काय लागतं ते बघायचं. पांथरी मोठी झाली की ती उजव्या कमरेच्या दिशेने वाढते, म्हणून चाचपायला सुरुवात खालून करावी लागते. सरळ बरगडीजवळ हात घातला तर खूप मोठी पांथरी हाताखालून निसटून जाते. हे पुस्तकात एका ओळीत आहे. हाताला कळायला पन्नास पोटं चाचपावी लागतात.

साप म्हटलं की दाताच्या खुणा शोधतात. मण्यारीची खूण बरेचदा दिसतच नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, त्याला ॲसिडिटीची गोळी मिळते. पापण्या जड झाल्यात का, वर बघ म्हटल्यावर डोळे पूर्ण उघडतात का, आवाज बदललाय का, एवढं बघितलं तर अॅम्ब्युलन्स दोन तास आधी निघते.

गंमत म्हणा की दुर्दैव, नर्सला हे सगळं शिकवण्याचा अभ्यासक्रम देशात आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स दोन वर्षांचा आहे, त्यात प्रगत शारीरिक तपासणी हा स्वतंत्र विषय आहे, शेजारी विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र. म्हणजे जिच्या उशाला मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, तिला दोन वर्षं. आणि जी नदीपलीकडे एकटी बसते, तिला सहा महिने, त्यात बारा प्रकारच्या सेवा शिकायच्या.

मुळात ही कल्पना खेड्यासाठीच निघाली होती. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड ह्या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर ह्या बालरोगतज्ज्ञाने पहिला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स सुरू केला, कारण तिकडेही खेड्यातल्या पोरांना डॉक्टर मिळत नव्हता.

अमेरिकेपर्यंत जायची तरी काय गरज? आपल्या गडचिरोलीतच 'सर्च'च्या बंग दाम्पत्याने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४०, की न्यूमोनियाची शंका धरायची. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचं. नवजात बाळांच्या घरोघरच्या सेवेवरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या बायकांकडे पदवी नव्हती. त्यांना थोड्याच गोष्टी शिकवल्या, पण हाताशी धरून, आणि नंतरही कुणीतरी येऊन त्यांचं काम बघत राहिलं.

सीएचओच्या बाबतीत हाच शेवटचा भाग गळालाय. त्यांच्या मोबदल्याचा एक हिस्सा ठरलेल्या निर्देशकांवर मिळतो. किती तपासण्या, किती नोंदी, किती ऑनलाइन सल्ले. आकडा भरला की झालं. तिशीवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं आहे, मोजतात. पण माणूस ऊन्हातून चालत आला, त्याला पाच मिनिटं बसवलं का, पट्टा शर्टाच्या बाहीवरून तर बांधला नाही ना, हे कुठल्या ॲपमध्ये भरायचं? गरोदर बाईचं १४० वर ९० आणि १३० वर ८०, यातला फरक कधीकधी पट्टा नीट बांधण्याइतकाच असतो. एकीला रेफर करतात, दुसरीला घरी पाठवतात.

ई-संजीवनीवर डॉक्टर बोलतो, रेंज असेल तर. चांगली सोय आहे. पण स्क्रीनवरून पोट चाचपता येत नाही. इकडून जे सांगितलं जाईल, त्यावरच तो सल्ला देणार.

यात सीएचओंना दोष देऊन उपयोग नाही. बरेचजण नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून एकटे आहेत, 'हे बरोबर लागलं का?' विचारायला शेजारी कुणी नाही. आरोग्य खात्याने महिन्यातले दोन दिवस त्यांना उपजिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात पाठवावं, पोर्टलच्या मीटिंगसाठी बोलावतात तसंच. तिथे मोठी पांथरी, सुजलेले पाय, घरघरणारी छाती सगळं एका फेरीत हाताखाली येतं. त्यांनी रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय निघालं, हे चिठ्ठीवर लिहून परत पाठवावं. आज चिठ्ठी वर जाते, खाली काही येत नाही.

पावसाळ्याआधी दुर्गम केंद्रांत औषधांचा साठा पोचवतात, त्याच गाडीत पडदा आणि तपासणीचं टेबलही जाऊ शकतं. पडद्याला तर वरची मंजुरीही नको, उपकेंद्राच्या अबंधित निधीत तो बसतो.