एका वेळी एकच बदल

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह रेखाचित्रावर चालतो. मोठ्या वाहन कारखान्याकडून रेखाचित्र येते आणि त्यावरील मापांप्रमाणे लहान कारखान्यात सुटा भाग घडतो. पूर्वी हे रेखाचित्र कागदावर हाती येई. आता ते ई-मेलने येते. त्यामुळे कार्यालयातील संगणकावर ते उघडले नाही, तर आतल्या लेथवरचे काम अडते.

अशीच एक सकाळ कल्पावी. सुधारित रेखाचित्र आले आहे, माल संध्याकाळपर्यंत चाकणला पोहोचवायचा आहे आणि चित्रे पाहण्याचे सॉफ्टवेअर ती फाइल उघडताच बंद पडते. दोनदा, तीनदा तेच. सासऱ्यांचा धीर सुटतो. ‘‘जुनं ड्रॉइंग घ्या आणि काम सुरू करा,’’ असे ते सेटरला सांगतात. हिशेब सांभाळणारी सून म्हणते, ‘‘पप्पाजी, दहा मिनिटं थांबा.’’ त्या दहा मिनिटांचे मोल मोठे आहे. जुन्या मापांचा माल तपासणीत नाकारला गेला, तर पोलाद, मजुरी आणि पत ही तिन्ही जातात.

बिघाड समजण्यासाठी या सॉफ्टवेअरची रचना ध्यानी घ्यावी. ‘इर्फानव्ह्यू’ हे त्याचे परिचित उदाहरण. बोस्नियात जन्मलेल्या इर्फान श्किल्यान यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. जेपीईजी, पीएनजी अशी नेहमीची चित्रे ते स्वतः उघडते. डीडब्ल्यूजी रेखाचित्रांसारख्या काही प्रकारांसाठी त्याला ‘प्लगइन’ नावाचे जोडभाग लागतात. जोडभाग मूळ सॉफ्टवेअरच्या आतच चालतो. म्हणून तो कोसळला की सारे सॉफ्टवेअरच त्याच्यासह बंद पडते, आणि दोष मात्र भलत्याच्या माथी येतो.

प्रथम मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी. मग साधे जेपीईजी चित्र उघडून पाहावे. ते उघडले, तर मूळ सॉफ्टवेअर बहुधा ठीक आहे. त्यानंतर त्याच प्रकारची दुसरी, पूर्वी उघडत असलेली फाइल पाहावी. तीही बंद पडली तर संशय जोडभागावर. ती उघडली तर नव्या फाइलवर. फाइलच सदोष वाटल्यास पाठवणाऱ्याकडून ती पीडीएफ स्वरूपात पुन्हा मागवणे हाच जवळचा मार्ग.

जोडभागावर संशय असेल, तर विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये पाहावे. तेथील ‘ॲप्लिकेशन’ नोंदींत कोसळण्याची वेळ आणि ‘फॉल्टिंग मोड्यूल’ म्हणून एका फाइलचे नाव मिळते. ते नाव ‘प्लगइन्स’ फोल्डरातील एखाद्या फाइलचे असेल, तर तेवढीच फाइल तेथून हलवून बाजूला ठेवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. नाव विंडोजच्याच एखाद्या फाइलचे असेल, तर तिला हात लावू नये. खरा दोषी अनेकदा दुसरा असतो.

अनेकदा कारण साधे असते. सॉफ्टवेअर ६४ बिटचे आणि जोडभाग ३२ बिटचे, अशी जोडी जमत नाही. किंवा सॉफ्टवेअर नवे आणि जोडभाग जुने राहिलेले असतात. ‘हेल्प’मधील ‘अबाउट’ उघडून आवृत्ती पाहावी आणि तिच्याच जोडीचे जोडभाग निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. सुटी डीएलएल फाइल अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेणे धोक्याचे. चित्र उघडणे म्हणजे निरुपद्रवी कृती, हा समजही सोडावा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या एका सामायिक संहितेत गंभीर दोष आढळला आणि प्रमुख ब्राउझर तातडीने अद्ययावत करावे लागले. घातक रीतीने रचलेले एक चित्रही त्या दोषाचा फायदा घेण्यास पुरेसे होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणाची. इर्फानव्ह्यू घरगुती वापरासाठी विनामूल्य आहे. व्यवसायात वापरायचे तर परवाना विकत घ्यावा लागतो.

यातले काहीही कारखानदाराला खरे तर नवे नाही. लेथवर जॉबचे माप चुकले, तर कुणी लेथ मोडीत काढत नाही. टूल झिजले का, ऑफसेट चुकला का, चकमध्ये जॉब नीट बसला का, हे एकेक करून पाहिले जाते. एका वेळी एकच बदल करून मग पुन्हा माप घेतले जाते. तोच माणूस कार्यालयात आला की मात्र अधीर होऊन ‘सगळा कॉम्प्युटर फॉरमॅट करा’ म्हणतो. त्यात वर्षानुवर्षांची बिले आणि रेखाचित्रे गमावण्याची भीती असते, आणि कारण कळत नाही ते नाहीच.

यंत्राजवळ देखभालीची वही असते. तशीच एक संगणकाजवळही ठेवावी. तारीख, फाइल, काय बदलले आणि काय घडले, एवढ्या चार नोंदी पुरेत. पुढच्या खेपेस सून घरी नसली, तरी ती वही उघडून सासऱ्यांनाच रेखाचित्र उघडता येईल.