खो मिळाला, पण कोणाला?

दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि मोकळी जागा, एवढ्यावर खो-खो उभा राहतो. म्हणून तर तो खेड्यापाड्यांतल्या शाळांत रुजला. या खेळाला २०२२ साली ‘अल्टिमेट खो-खो’ ही राष्ट्रीय लीग मिळाली. पुण्याला बालेवाडीत, मॅटवर आणि झगमगाटात सहा संघ खेळले. अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. खो-खो घरोघरी टीव्हीवर दिसला, याचा मला आनंदच आहे.

पण सहाही संघ पुरुषांचे होते. दुसऱ्या हंगामातही तेच.

धाराशिव जिल्ह्याला हे खटकायला हवे. इथल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक पुरुषांबरोबर महिलांनीही जिंकला, तोही नेपाळला ७८-४० असे हरवून.

‘मुलींचे सामने पाहणार कोण?’ असे विचारले जाते. दाखवल्याशिवाय पाहणार तरी कोण? पदकाचा सत्कार एका दिवसाचा असतो. लीगचे मानधन घरात येते. दुष्काळी गावातल्या बापाला मुलीचे लग्न चार वर्षे पुढे ढकलायला तेवढे कारण पुरते.

खो पाठीमागून, पण मोठ्याने द्यावा लागतो, असा या खेळाचा नियमच आहे. लीग चालवणाऱ्यांनी तो मुलींनाही तसाच, सर्वांना ऐकू जाईल असा द्यावा.