नऊ वर्षांच्या 'विद्यार्थ्या'वर हसण्याआधी

मंडळी, कॅम मॅककॉर्मिकवरचे विनोद गेल्या मोसमापासून आपल्या ग्रुपवर फिरतायत. "नऊ वर्षं कॉलेजात! एवढ्यात दोनदा डॉक्टर झाला असता." "याच्या वर्गातली पोरं आता प्रोफेसर असतील." मीही ऑरेगनात राहतो, फुटबॉल बघतो, विनोद मलाही कळतात. पण हा विनोद चुकीच्या माणसावर चाललाय, म्हणून लिहितोय. थोडं लांब आहे, वाचा.

आधी हकिगत. हा मुलगा आपल्याच राज्यातल्या बेंड गावचा. २०१६ साली ऑरेगन विद्यापीठात आला. जागा टाइट एंड. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: टाइट एंड म्हणजे अर्धा हमाल, अर्धा झेल घेणारा. समोरच्या धिप्पाड गड्याला अंगाने रेटून धरायचं, म्हणजे मागून दुसरा कुणीतरी पळेल आणि टाळ्या त्याला मिळतील. त्यातही राखीव टाइट एंड असलात तर तुमचं नाव घरच्यांशिवाय कुणाला माहीत नसतं.

पहिलं वर्ष बाकावर. दुसऱ्या वर्षी थोडा खेळला. २०१८ च्या पहिल्याच सामन्यात पाय मोडला, घोट्याचे अस्थिबंध फाटले. शस्त्रक्रिया, पुन्हा शस्त्रक्रिया. २०१९ गेलं, २०२० गेलं. २०२१ मध्ये परतला आणि दुसऱ्याच सामन्यात, ओहायो स्टेटविरुद्ध, पायाची टाच गेली. तिथला स्नायुबंध तुटला. २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला. मग मायामीला जाऊन आणखी दोन मोसम खेळला. पदवी कधीच घेऊन झाली होती. नियम सांगतो की पाच वर्षांत चार मोसम. दुखापतीची वर्षं आणि कोविडचं जादा वर्ष धरून त्याला मुदतवाढ मिळाली. चोरी नाही, लबाडी नाही.

आता त्याच काळातल्या प्रशिक्षकांकडे बघा. तो ऑरेगनात असताना संघाने चार मुख्य प्रशिक्षक पाहिले. एकाला काढलं. दुसरा, विली टॅगार्ट, एका वर्षात फ्लोरिडा स्टेटला निघून गेला. तिसरा, मारिओ क्रिस्तोबाल, डिसेंबर २०२१ मध्ये मायामीला गेला. बातम्यांनुसार करार दहा वर्षांचा, सुमारे ८ कोटी डॉलरचा. तेव्हा आपला हा गडी टाच सांधायची वाट बघत होता. ज्यांनी पोरांना घरी येऊन "आमच्याकडे ये, आपण एक कुटुंब आहोत" सांगितलं, ते कुटुंब बदलून मोकळे झाले. त्यांना कुणी "किती वर्षं कॉलेजात?" विचारत नाही. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं, तर न शिकवण्याबद्दल त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. खेळाडूचा पाय मोडला तर असा कुठला करार त्याच्या हातात असतो?

हे असं का, याची मुळं जुनी आहेत. १९५५ साली कोलोरॅडोत फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून वारला. बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण म्हणे कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही! त्याच काळात एनसीएए या संस्थेने 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द पुढे रेटला. हेतू हाच, की खेळाडू 'नोकर' ठरू नये आणि भरपाईची जबाबदारी गळ्यात पडू नये. हे मी म्हणत नाही. तेव्हाचे एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात ते मान्य केलं. सत्तर वर्षं ही शब्दाची ढाल पुरली.

२०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियनसाठी मतदान केलं. त्यांच्या मुख्य मागण्यांमध्ये दुखापतीच्या खर्चाची हमी होती. २०१५ मध्ये कामगार मंडळाने हात वर केले, मतं मोजलीच गेली नाहीत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला. आणि जून २०२५ मध्ये 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट वाटायची मुभा.

झालं ना मग? नाही झालं. मुख्य तक्रार इथेच आहे.

पैसा आला तो ताऱ्यांसाठी. बाकावरच्या गड्याला किमान किती द्यायचं, याची हमी नाही. उलट त्याच तडजोडीत फुटबॉलचा संघ १०५ वर बांधला. शिष्यवृत्तीची ८५ ची जुनी मर्यादा गेली, ते चांगलंच. पण १०५ च्या पलीकडे जी पोरं स्वतःच्या खर्चाने, पहाटे उठून, सरावात मार खात उभी होती, त्यांना निरोप मिळाले. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हरकत घेतली, तेव्हा वाट काढली की अशा काढलेल्यांना परत घेतलं तर ते मोजणीत धरू नका. पण परत घ्यायलाच हवं असं बंधन नाही. गरज सरो, वैद्य मरो.

"फुकट शिक्षण मिळालं की, अजून काय पाहिजे?" असं म्हणणारे येतीलच. फुकट? पहाटेचा व्यायाम, सराव, व्हिडिओ, प्रवास, आणि वर मोडलेली हाडं. त्याला फुकट म्हणत असाल तर उसाच्या फडात राबणाऱ्यालाही जेवण फुकट मिळतं म्हणा.

"नव्या पोराची जागा अडवली" हाही आक्षेप आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ही जागा कुणी दिली? प्रशिक्षकाने. कशासाठी? अनुभवी माणूस हवा म्हणून. मुदतवाढ हा त्याच्यावर उपकार नव्हता, कॉलेजची सोय होती.

सुधारणा झाल्यात, त्याही सांगतो. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सुटल्यावरही किमान दोन वर्षं उचलावा लागतो. छान. पण चोविसाव्या वर्षी मोडलेला घोटा चाळिशीत बोलायला लागतो. तेव्हा बिल कुणाचं?

आपला काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे. जी कॉलेजं या तडजोडीत सामील झाली, तिथे संघाच्या मर्यादा पोहणं, टेनिस, धावणं यांनाही लागू आहेत. आणि आपली पोरं तिथेच आहेत, बहुतेक वेळा बाकावरच. प्रशिक्षक घरी येईल, गोड बोलेल, चहा घेईल. त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. शिष्यवृत्ती किती वर्षांची? तुम्ही नोकरी सोडलीत तर ती टिकेल का? दुखापतीचा खर्च किती वर्षं? आणि संघ कमी करायची वेळ आली तर आधी कोण जाणार?

उत्तर टाळलं तर समजून घ्या. ताऱ्यांसाठी वकील असतात, एजंट असतात. संस्था खरी कशी आहे ते राखीव गड्याला ती कशी वागवते त्यावरून कळतं. नऊ वर्षं रेटत राहिलेल्या माणसावर हसू नका. त्याला तेवढी वर्षं वापरणाऱ्यांना जाब विचारा.

पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा. फक्त तो जुना विनोद पुन्हा टाकू नका.