चावा पोटरीला, वाट मेंदूची

कुत्रा पोटरीला चावला, रक्त थांबले, वर हळद-चुना दाबला, चार दिवसांत माणूस कापूस वेचायला परत शेतात. जिंतूर-गंगाखेडकडच्या खेड्यांत कित्येकांच्या लेखी प्रकरण इथेच मिटते.

रेबीजच्या विषाणूची वाटचाल मात्र आता कुठे सुरू झालेली असते. तो रक्तातून नव्हे, मज्जातंतूंतून जातो आणि चालण्याची तोशीस स्वतः घेत नाही. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशीचा तंतू पावलापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब असतो. एवढ्या अंतरावर माल नुसता तरंगत पोचायचा म्हटले, तर माणसाचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून तंतूत सूक्ष्मनलिकांचे मार्ग असतात आणि त्यांवरून ओझी वाहणारी प्रथिने असतात. कायनेसिन पेशीकडून टोकाकडे जाते, डायनीन टोकाकडून पेशीकडे येते. कायनेसिनचे एक पाऊल 8 नॅनोमीटरचे. मीटरभर जायला साडेबारा कोटी पावले, आणि प्रत्येक पावलाला इंधन म्हणून एटीपीचा एक रेणू! एकटे डायनीन तसे दुबळेच, पण अनेक मिळून ते जड ओझे ओढतात, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने 2013 साली दाखवून दिले.

मोंढ्यातला हमाल पोत्यात काय आहे ते विचारत नाही. डायनीनही विचारत नाही. विषाणू त्याच्याच पाठीवरून मज्जारज्जूत आणि पुढे मेंदूत पोचतो. याला सहसा दोन-तीन महिने लागतात. चावा तोंडाला किंवा मानेला असेल तर वाट जवळची. लक्षणे दिसू लागली की औषध जवळपास चालतच नाही. म्हणजे माणूस ठणठणीत दिसतो तेच दिवस उपचाराचे.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चुना, मिरची काही लावायचे नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून गेलेली नाही, पण ती लस बंद होऊन वीस वर्षे उलटली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने असतात. मात्र लसीचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. रक्त आलेल्या चाव्यात तोवर विषाणूला जखमेतच अडवते ते सिरम, आणि लसीची चर्चा करताना त्याचाच विसर पडतो.

कुत्र्यांमुळे होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवायचा, असे केंद्र सरकारने ठरवले आहे. ते खरे करायचे तर पालम-सोनपेठच्या माणसाला सिरमसाठी परभणीची किंवा नांदेडची एसटी धरावी लागता कामा नये. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयातला सिरमचा साठा दर महिन्याला जाहीर करावा.